चिमणी, टॉवर आणि रजनीकांत

'२.०' हा चित्रपट २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच शनिवारी मी तो चिंचवडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये भाच्याला घेऊन पाहिला. थिएटर तुडुंब भरलं होतं. पहिली पाळी उरकून, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र न काढताच आलेली पोरं पुढच्या रांगांत बसली होती. पडद्यावर लोकांच्या हातातले मोबाइल सुटून आकाशात उडू लागले, तेव्हा त्यातल्या दोघा-तिघांनी नकळत स्वतःचा खिसा चाचपला. मध्यंतरात भाच्याने फोन बंद करून माझ्याकडे दिला. परतताना स्पाइन रोडवर तो गाडीच्या काचेतून टॉवर मोजत होता. मोशीच्या वळणापर्यंत तेवीस झाले. मग त्याने विचारलं, "मामा, आपल्या गच्चीवरचा धरला तर चोवीस ना?"

त्या प्रश्नाने पुढे आमच्या सोसायटीत काय काय घडवलं, ते सांगण्याआधी चित्रपटाबद्दल थोडं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट अशी. पक्षिराजन नावाचा एक वृद्ध पक्षितज्ज्ञ आहे. मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे पक्षी मरताहेत, असं तो मंत्र्यांना, कंपन्यांना, न्यायालयाला सांगून थकतो आणि शेवटी टॉवरवरच गळफास घेतो. मृत्यूनंतर त्याची शक्ती शहरातले सगळे मोबाइल ओढून घेते आणि त्यांचाच एक अजस्र पक्षी तयार होतो. त्याच्याशी लढायला शास्त्रज्ञ वसीगरन आपला जुना यंत्रमानव चिट्टी पुन्हा जुळवतो. दिग्दर्शक शंकर, पक्षिराजन अक्षयकुमार, वसीगरन आणि चिट्टी दोन्ही रजनीकांत. (रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, घरी मराठी बोलणारे, त्यांचं मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार असल्याचं सांगितलं जातं. त्यामुळे आपल्या भागात या माणसाबद्दल जरा घरचा जिव्हाळा असतो.) खर्चाचा जो आकडा छापून आला तो पाचशे कोटींच्या वरचा होता. तेव्हाचा हा भारतातला सर्वांत महागडा चित्रपट.

पडद्यावरची करामत सगळ्यांनाच आवडली. कथेबद्दल मात्र समीक्षकांनी नाकं मुरडली. सर्वांत गमतीदार समीक्षा आली ती मोबाइल कंपन्यांची. त्यांच्या सीओएआय या संघटनेने प्रदर्शनाच्या तोंडावर सेन्सॉर मंडळाकडे आणि माहिती-प्रसारण मंत्रालयाकडे तक्रार केली की हा चित्रपट मोबाइल आणि टॉवरबद्दल अवैज्ञानिक समज पसरवतो. चित्रपट ठरल्या दिवशी लागला. मला तेव्हा हसू आलं होतं. ज्या चित्रपटात यंत्रमानव हजारो मोबाइलच्या पक्ष्याशी कुस्ती खेळतो, त्याचं विज्ञान तपासायला कोण बसलंय! पण थिएटरमधली ती खिसे चाचपणारी पोरं आठवली की वाटतं, तक्रार अगदीच पोकळ नव्हती. कुस्ती कुणी खरी मानली नाही. "टॉवरने चिमण्या गेल्या" हे मात्र बहुतेकांनी खरं मानलं, कारण ते आधीपासूनच खरं वाटत होतं. चित्रपटाने फक्त शिक्का मारला.

आता सोसायटी. आमच्या गच्चीवर एका कंपनीचा टॉवर होता. त्याच्या भाड्यातून लिफ्टची देखभाल आणि वॉचमनचा पगार निघत असे. जानेवारीतल्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर नसलेला मुद्दा आला, टॉवर काढा. बोलणाऱ्यांनी चित्रपटाचं नाव घेतलं आणि पुरावा म्हणून वरच्या मजल्यावरच्या एका काकूंकडे बोट दाखवलं. काकूंना सहा महिने कोरडा खोकला होता. जिना चढताना धाप लागायची, वजन उतरत होतं. टॉवर बरोब्बर त्यांच्या डोक्यावर! खजिनदार भाड्याचा हिशेब सांगू लागले तर त्यांना ऐकावं लागलं, "साहेब, पैसा मोठा की माणूस?" त्यापुढे कोण बोलणार? मीही बोललो नाही. विज्ञानावर लिहिणाऱ्या माणसाने तिथे तोंड उघडायला हवं होतं. ठराव झाला आणि चार महिन्यांत टॉवर उतरला.

त्या सभेत जे बोललो नाही, ते इथे सांगतो.

'रेडिएशन' या एका शब्दाने सगळा घोळ केला आहे. एक्स-रे, अणुभट्टीतून निघणारे किरण, सूर्यप्रकाश आणि रेडिओच्या लहरी, सगळ्यांना हाच शब्द. एक्स-रे पेशीतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवू शकतो, त्यातून डीएनएला इजा होते, म्हणून त्याची भीती रास्त. मोबाइलच्या लहरींच्या एका कणात जी ऊर्जा असते, ती असा इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा दहा लाखांहून अधिक पट कमी असते. झाडाच्या पानावरून डोळ्यात येणाऱ्या हिरव्या प्रकाशाचा एक कणसुद्धा मोबाइल लहरीच्या कणापेक्षा तीनेक लाख पट जोरकस असतो. या लहरी शरीरात शिरून पक्का ठाऊक असलेला एकच परिणाम करतात. त्या ऊब देतात, तीही तीव्रता पुरेशी असली तर.

मग तीव्रता किती? भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॉट एवढी ठरली. तुलनेसाठी, चाकणच्या चौकात मे महिन्याच्या दुपारी ट्रॅफिक सुटायची वाट बघत दुचाकीवर उभा असलेला कामगार प्रति चौरस मीटर सुमारे १००० वॉट ऊन झेलत असतो. ते ऊनही रेडिएशनच आहे, आणि त्याने माणसं खरोखर दगावतात.

आता डोक्यावरच्या टॉवरचं. अँटेना म्हणजे चारी बाजूंनी पेटलेली शेकोटी नव्हे. ती बॅटरीच्या झोतासारखी समोर, जवळजवळ आडवी, किंचित खाली झुकवून लहरी सोडते. ज्या इमारतीवर ती उभी असते, तिच्या वरच्या मजल्यावर झोत पडतच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मधे काँक्रीटचा स्लॅब असतो तो वेगळा. काही झळ पोहोचायचीच तर ती समोरच्या इमारतीला, आणि तिथेही अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते.

शिवाय लहरींचा सर्वांत मोठा डोस टॉवरकडून येत नाही. तो कानाला लावलेल्या फोनकडून येतो, कारण अंतर शून्य. आणि रेंज जितकी कमी तितका फोन जास्त ताकद लावून ओरडतो. टॉवर गेल्यावर आमच्या इमारतीत लोक खिडकीत उभं राहून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करू लागले, फोन गरम होऊ लागले, बॅटऱ्या संध्याकाळी सहालाच मान टाकू लागल्या. म्हणजे ज्या लहरींच्या भीतीने टॉवर उतरवला, त्यांचं डोक्याजवळचं प्रमाण आम्ही स्वतःच वाढवून घेतलं.

कॅन्सरचं काय, हा प्रश्न येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २-ब गटात टाकलं, हे खरं आहे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीच्या भाज्यांचं लोणचंही आहे. (आपलं कैरीचं नव्हे, निश्चिंत असा.) या गटाचा अर्थ, शंकेला जागा आहे पण पुरावा तोकडा. '२.०' लागला त्याच महिन्यात, १ नोव्हेंबर २०१८ रोजी, अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा उंदरांवरचा मोठा अभ्यास आला. नर उंदरांच्या हृदयाच्या चेतातंतूंमध्ये गाठी आढळल्या. बातमी जगभर झाली. पण त्या उंदरांच्या सबंध शरीरावर रोज नऊ तास, दोन वर्षं, फार मोठा मारा केला होता, आणि गंमत म्हणजे ते लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. माणसांकडे वळायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३ अभ्यास तपासले आणि मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. एवढ्या वर्षांत जगातले फोन किती पटीने वाढले! लहरींनी मेंदूचे कर्करोग होत असते तर त्यांचे आलेखही तसेच वर चढायला हवे होते. ते तसे चढले नाहीत.

तरी मनाला चैन पडत नसेल तर दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. आपल्या भागातले टॉवर त्यावर बघता येतात, आणि चार हजार रुपये शुल्क भरून घराजवळचं मोजमाप करून मागण्याची सोय त्यात ठेवली होती. आमच्या सभेत साठ माणसं होती. वर्गणी काढली असती तर माणशी सत्तर रुपयेही पडले नसते. ते कुणाला सुचलं नाही.

माणसांचं झालं. पक्ष्यांचं काय? इथे मी जरा सावधपणे बोलणार आहे, कारण चित्रपट पूर्ण हवेत बांधलेला नाही. बेल्जियममधल्या एका अभ्यासात २००७ मध्ये दिसलं होतं की जिथे लहरींची तीव्रता जास्त, तिथे चिमणे कमी आढळतात. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्गचा प्रयोग आला. शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात रॉबिन पक्ष्यांची चुंबकीय दिशा चुकते आणि खोलीला धातूचं कवच घातलं की परत सापडते. प्रयोग फार सुंदर आहे. पण त्यातला गोंगाट मीडियम वेव्ह रेडिओच्या पट्ट्याच्या आसपासचा होता, मोबाइलच्या लहरींहून कितीतरी खालचा. आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये बीएनएचएसचे तेव्हाचे संचालक असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने उपलब्ध अभ्यास गोळा करून सावधगिरी बाळगावी आणि अधिक संशोधन व्हावं असं सुचवलं. ते योग्यच होतं. पण 'तपासायला हवं' आणि 'सिद्ध झालं' यांत जे अंतर आहे ते आपण व्हॉट्सअॅपवर एका उडीत ओलांडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला. हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर तो आधारलेला होता. चिमणीची संख्या देशभरात गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे, मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटली आहे, आणि त्यात टॉवरचा हात असल्याचा ठोस पुरावा नाही, असं त्यात नोंदवलं होतं.

मग शहरातून चिमणी गेली कुठे? याचं उत्तर शोधताना मला लंडनच्या एका बागेची नोंद सापडली आणि ती वाचून आपल्या पट्ट्याचीच गोष्ट वाचल्यासारखं वाटलं. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ साली चिमण्या मोजल्या, भरल्या २,६०३. १९७५ मध्ये त्याच बागेत ५४४. २००० मध्ये आठ! शेवटची घसरण मोबाइलच्या काळातली आहे, पण पाचातल्या चार चिमण्या त्याआधीच, कुणाच्या खिशात मोबाइल नसताना, गेल्या होत्या. त्या पहिल्या घसरणीचं मुख्य कारण अभ्यासक सांगतात ते म्हणजे घोडे गेले. रस्त्यावर टांगे, बग्ग्या होत्या तोवर घोड्यांच्या तोबऱ्यातून सांडलेले ओटचे दाणे आणि लिदीत न पचलेलं धान्य, एवढ्यावर शहरी चिमणी मजेत जगत होती. मोटार आली आणि तिचं ताट उचललं गेलं.

मोटार! जिच्या नावावर आपलं पोट आहे तीच. टेल्को आणि बजाजपासून चाकणच्या आजच्या कारखान्यांपर्यंत या पट्ट्याने दोन-तीन पिढ्यांचे संसार मोटारीवर उभे केले. मोटार वाईट, असं म्हणायचं नाही. पण चिमणीच्या हिशेबात ती कुठे बसते, हे निदान इथल्या माणसाला ठाऊक असावं.

आपल्याकडे घोडा हे कारण फारसं लागू नाही, पण ताट उचललं जाण्याची गोष्ट तीच आहे. भोसरी, मोशी, चिखली, तळवडे ही गावठाणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल. मातीच्या भिंती, कौलं, वळचणीला चिमण्यांची गवताची घरटी, आणि हमखास एक घरटं आजोबांच्या फोटोच्या मागे. अंगणात आई सुपाने धान्य पाखडायची, तिच्याभोवती चिमण्यांची पंगत. बाळाला भरवताना चिऊ-काऊच्या नावाने घास द्यायचा तर चिऊ खरोखर समोर असायची. आता गहू पाखडत नाहीत, पिशवीतलं पीठ येतं. किराणा दुकानातली उघडी पोती गेली. कौलांच्या जागी स्लॅब आला आणि स्लॅबला वळचण नसते.

त्याहून मोठी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण तिच्या पिल्लाला पहिले काही दिवस किडेच लागतात. मऊ अळ्या, मावा, लहान कोळी. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात झालेल्या अभ्यासात उपनगरातल्या घरट्यांमध्ये पिल्लं किड्यांअभावी उपाशी मरत असल्याचं दिसलं. आता आपल्या सोसायट्यांचं आवार आठवा. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हिंग ब्लॉक. कुंडीत शोभेची परदेशी झाडं, ज्यांना इथली अळी तोंड लावत नाही. दर महिन्याला फवारणी. बोर, बाभूळ, घाणेरीची कुंपणं तोडून पत्रे ठोकलेले. तिथे पिल्लू वाढणार कशावर? या यादीत थरारक काही नाही. पेव्हिंग ब्लॉकवर पाचशे कोटींचा चित्रपट निघत नाही. मला वाटतं चित्रपटाने खरं नुकसान केलं ते इथे. 'पक्षी कुठे गेले?' हा प्रश्न त्याने अगदी बरोबर विचारला, मोठ्या आवाजात विचारला, आणि मग गुन्हेगार असा निवडला की आपण प्रेक्षक निर्दोष सुटलो.

पक्षिराजनचं पात्र सलीम अलींवरून बेतल्याचं प्रदर्शनाच्या वेळी छापून आलं होतं. सलीम अली १९८७ मध्ये गेले. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल लागला १९९५ मध्ये. पक्ष्यांचा अधिवास तुटतोय, हे ते टॉवर नसलेल्या देशातच आयुष्यभर सांगत होते.

आणि एक साधी गोष्ट, जी त्या सभेत आम्हा साठ जणांच्या डोळ्यांसमोर होती. टॉवरने पक्षी मरतात म्हणायचं तर आमच्या डक्टमधली कबुतरं का मरत नव्हती? प्रत्येक जातीवर परिणाम वेगळा होऊ शकतो, हे मान्य. पण टॉवरच्या अगदी बुडाशी, एसीच्या मागे, पाइपांच्या बेचक्यात ती वर्षाला चार-पाच वेळा पिल्लं काढत होती. उंच इमारत म्हणजे कबुतराला त्याचा मूळचा डोंगरकडाच. चिमणीला जे नको ते सगळं त्याला मानवतं.

काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या डक्टमध्येच उघडते.

टॉवर उतरल्यावर काकूंचा खोकला थांबेल अशी सगळ्यांची खात्री होती. त्यांनी स्वतःही म्हणून डॉक्टरांकडे जायचं पुढे ढकललं. "आता टॉवर गेला ना, होईल बरं." खोकला वाढला. दिवाळीनंतर एक दिवस त्यांना बोलतानाही धाप लागू लागली, तेव्हा मुलाने छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात किंवा खिडकीशी पक्षी आहेत का, हा. मग कूलर वापरता का. टॉवरचं त्यांनी विचारलं नाही.

या आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतराची वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा हवेत मिसळतो. काहींच्या शरीरातली प्रतिकारशक्ती त्यातल्या प्रथिनांवर चवताळते आणि फुप्फुसाच्या बारीक नळ्यांना, वायुकोशांना सूज येते. लवकर ओळखलं, कारण दूर केलं, तर सूज उतरते. महिनोन् महिने चालू राहिलं तर सुजेच्या जागी व्रण धरतात, फुप्फुस ताठर होतं, आणि व्रण धरलेला भाग परत मऊ होत नाही. हे दुर्मीळही नाही. फुप्फुसाच्या अशा व्रणकारी आजारांच्या १,०८४ भारतीय रुग्णांची नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, हाच आजार होता आणि पक्ष्यांबरोबर एअर कूलरच्या साचलेल्या पाण्यातली बुरशी हे मोठं कारण दिसलं. कोरडा खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, चढताना दम लागू लागला आणि खिडकीत कबुतरं असतील, तर डॉक्टरांना ते आपण होऊन सांगा. डक्ट साफ करायचा तर आधी पाणी मारून विष्ठा ओली करा आणि नाकातोंडावर एन-९५ मास्क लावा. कोरडी खरवडू नका.

काकू आता स्टेरॉइडच्या कमी डोसवर आहेत. दोन मजले चढतात, तिसऱ्याला थांबतात. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. ते वर्ष कुठे गेलं, ते मला ठाऊक आहे. जानेवारीतल्या त्या सभेत मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

डक्टला आता नायलॉनची जाळी लागली आहे. लिफ्टच्या देखभालीसाठी प्रत्येक सदनिकेमागे जादा वर्गणी सुरू झाली आहे. टॉवर कंपनीने दुसरी जागा शोधली, शेजारच्या सोसायटीची गच्ची. अँटेनाचं तोंड नेमकं आमच्या बाल्कन्यांकडे आहे.

भाचा आता अभियांत्रिकीला आहे. परवा येऊन बाल्कनीत उभा राहिला, समोर बघितलं आणि म्हणाला, "रेंज मात्र मस्त आलीय, मामा."